एकट्या वकिलाचं ऑफिस मोठं कसं होतं? पहिला माणूस नेमताना नेमकं काय बघायचं?

सकाळचे पावणेअकरा. जिल्हा न्यायालयात एकाच वकिलाची दोन कोर्टांत दोन प्रकरणं बोर्डावर आहेत. एकीकडे साक्षीदाराची उलटतपासणी, दुसरीकडे मनाई अर्जावर युक्तिवाद. नक्कल विभागात एक अर्ज अडकलाय, तो कुणीतरी जाऊन बघायला हवा. फोनवर एक पक्षकार चौथ्यांदा विचारतोय, "वकीलसाहेब, आमच्या तारखेचं काय झालं?" आणि संध्याकाळी ऑफिसात बसून उद्याची कैफियत टाईप करायची आहे.

महाराष्ट्रातल्या बहुतेक तालुका आणि जिल्हा कोर्टांत दिसणारं हे चित्र. वकील हुशार असतो, कामही भरपूर असतं, पण दिवसाचे तास तेवढेच. मग एक दिवस ठरतं की आता ऑफिसात माणूस घ्यायचा. ओळखीतून कुणाचा तरी भाचा येतो, सहा महिन्यांत निघून जातो आणि वकीलसाहेब परत एकटे.

चूक कुठे होते? लहान लॉ फर्म वाढवायची तर माणसं कशी निवडायची, त्यांना काय द्यायचं आणि कायदा याबद्दल काय सांगतो, ते समजून घेऊ.

वकिली वाढवण्यासाठी माणसांवरच एवढा भर का?

दुकान वाढवायचं तर बोर्ड लावता येतो, पेपरात जाहिरात देता येते, इन्स्टाग्रामवर ऑफर टाकता येते. वकिलाला यातलं काहीच करता येत नाही. बार कौन्सिल ऑफ इंडियाच्या नियमावलीतल्या नियम ३६ नुसार वकिलाने जाहिरात करणं किंवा कामासाठी गळ घालणं हे व्यवसायाच्या शिस्तीत बसत नाही. २००८ मध्ये या नियमात थोडी सूट मिळाली. स्वतःच्या वेबसाईटवर नाव, पत्ता, फोन, ईमेल, सनदेचा क्रमांक, शिक्षण आणि कोणत्या प्रकारची कामं करतो एवढी ठरावीक माहिती देता येते. त्यापलीकडे नाही.

जुलै २०२४ मध्ये मद्रास हायकोर्टानेही हा विषय गांभीर्याने घेतला. ऑनलाईन पोर्टलवरून कामं मिळवणाऱ्या वकिलांवर शिस्तभंगाची कारवाई करण्याबाबत कोर्टाने बार कौन्सिलला निर्देश दिले.

म्हणजे वकिलाकडे नवीन काम येतं ते जुन्या पक्षकाराच्या तोंडून. तो गावात जाऊन काय सांगतो यावर सगळं अवलंबून. आणि तो कायद्याच्या बारकाव्यांबद्दल फारसं सांगत नाही. फोन उचलला का, तारीख वेळेवर कळवली का, कागद हरवला का, ऑफिसात बसायला सांगितलं की दारातूनच पिटाळलं, हे तो सांगतो. यातली निम्मी कामं वकील स्वतः करत नाही, त्याच्या ऑफिसातला माणूस करतो. तो माणूस कसा आहे, यावर ऑफिसचं नाव ठरतं.

चुकीच्या माणसाची किंमत कोण मोजतं?

आधी पक्षकार मोजतो.

दिवाणी दाव्यात समन्स मिळाल्यापासून ३० दिवसांत कैफियत द्यायची असते, कोर्टाने मुदत दिली तर ९० दिवसांपर्यंत. व्यावसायिक वादांच्या दाव्यात १२० दिवसांनंतर कैफियत देण्याचा हक्कच जातो. चेक बाऊन्सच्या प्रकरणात चेक परत आल्याचं बँकेकडून कळल्यापासून ३० दिवसांत नोटीस जायला हवी. ती मिळाल्यावर समोरच्याला १५ दिवस द्यायचे आणि त्यानंतर एका महिन्यात फिर्याद दाखल करायची.

आता समजा ऑफिसातल्या नव्या मुलाने बँकेचा मेमो फाईलला लावला, पण डायरीत तारीख लिहायची राहिली. ३० दिवस उलटले. ज्याचे पाच लाख अडकलेत, त्या माणसाचा हातातला सोपा मार्ग बंद होऊ शकतो. चेकची मुदत शिल्लक असेल तर तो पुन्हा बँकेत टाकता येतो, नसेल तर वसुलीचा दिवाणी दावा, म्हणजे आणखी काही वर्षं.

१४ मे २०२४ ला सुप्रीम कोर्टाने निकाल दिला की वकिलाची सेवा ग्राहक संरक्षण कायद्याखाली येत नाही. त्यामुळे पक्षकाराला ग्राहक मंचात जाता येत नाही. पण म्हणून वकील मोकळा सुटतो असं नाही. बार कौन्सिलकडे तक्रार होऊ शकते, दिवाणी कोर्टात नुकसानभरपाई मागता येते. आणि गावात बदनामी होते ती वेगळीच.

पहिला माणूस कोण? ज्युनिअर की कारकून?

बहुतेक वकील काम वाढलं की सरळ ज्युनिअर वकील शोधतात. ही घाई महागात पडते. कारण दमणूक होत असते एका प्रकारच्या कामाने आणि माणूस घेतला जातो दुसऱ्याच कामासाठी.

त्याआधी एक साधी गोष्ट करायची. पंधरा दिवस रोज संध्याकाळी लिहून काढायचं की आज वेळ कुठे गेला. मग त्या यादीचे तीन भाग करायचे.

पहिला भाग : सनद नसलेला माणूसही करू शकतो अशी कामं. नक्कल अर्ज, कोर्ट फी, झेरॉक्स, फाईल लावणं, पुढची तारीख बघून पक्षकाराला कळवणं, टायपिंग, ई-फायलिंगसाठी कागद स्कॅन करणं.

दुसरा भाग : सनद हवी, पण अनुभव कमी चालेल अशी कामं. तारीख घेणं, साधा अर्ज देणं, नोटिशीचा कच्चा मसुदा, निवाडे शोधणं, सातबारा आणि फेरफार वाचून जमिनीच्या मालकीची साखळी काढणं.

तिसरा भाग : फक्त मुख्य वकिलानेच करायची कामं. उलटतपासणी, अंतिम युक्तिवाद, तडजोडीची बोलणी, पक्षकाराला सल्ला.

समजा रोजचे तीन तास पहिल्या भागात जात असतील, तर गरज कारकुनाची आहे. तिथे ज्युनिअर वकील घेतला तर एलएलबी झालेला मुलगा दिवसभर झेरॉक्सच्या रांगेत उभा राहतो आणि वर्षभरात कंटाळून जातो. उलट दोन कोर्टांत एकाच वेळी उभं राहता येत नाही म्हणून कामं नाकारावी लागत असतील, तर तिथे कारकून कितीही चांगला असला तरी उपयोग नाही, कारण तो कोर्टापुढे बाजू मांडू शकत नाही. ॲडव्होकेट्स ॲक्ट १९६१ नुसार तो हक्क सनदधारक वकिलाचाच.

एक मुरलेला कारकून म्हणजे काय चीज असते, हे जुन्या वकिलांना विचारावं. कोणत्या कोर्टात बोर्ड किती वेगाने चालतं, बेलीफ कधी भेटतो, कोणत्या अर्जाला कोणतं परिशिष्ट लागतं, हे त्याला पाठ असतं. अनेक लहान ऑफिसांमध्ये पहिली योग्य नेमणूक हीच ठरते.

पैसे किती द्यायचे?

हा या व्यवसायातला सगळ्यात अवघड प्रश्न. "आम्हाला कुणी दिले होते?" हे उत्तर पिढ्यान् पिढ्या चालत आलंय. ज्युनिअरने शिकायला यायचं, पैशाचं बोलायचं नाही, ही जुनी रीत. परिणाम असा की ज्याच्या घरचं बरं आहे तोच टिकतो. शेतकऱ्याची किंवा कामगाराची हुशार मुलगी दोन वर्षं थांबते आणि मग एखाद्या बँकेच्या कायदा विभागात नोकरी धरते.

मूळचे पुण्याच्या घराण्यातले तत्कालीन सरन्यायाधीश धनंजय चंद्रचूड यांनी नोव्हेंबर २०२२ मध्ये यावर जाहीरपणे बोट ठेवलं होतं. तरुण वकिलांना गुलामांसारखं राबवू नका, त्यांना नीट मोबदला द्या, असा त्यांच्या बोलण्याचा आशय होता.

ऑक्टोबर २०२४ मध्ये बार कौन्सिल ऑफ इंडियाने परिपत्रक काढलं. शहरी भागात ज्युनिअरला महिना किमान २०,००० रुपये आणि ग्रामीण भागात किमान १५,००० रुपये विद्यावेतन द्यावं, अशी त्यात शिफारस आहे. ही सक्ती नाही. लहान ऑफिसांना एवढं देणं जड जाईल हेही त्यात गृहीत धरलंय. पण आता निदान एक आकडा समोर आहे.

लहान ऑफिसला हे परवडेल का, याचा हिशेब आधीच करायला हवा. उदाहरणार्थ, महिना १५,००० ठरले तर सहा महिन्यांचे ९०,००० रुपये बाजूला असल्याशिवाय नेमणूक करू नये. कारण नवा माणूस पहिले तीन-चार महिने कमावून देत नाही, उलट मुख्य वकिलाचा वेळ खातो. वकिलाची फी तर अशीही हप्त्याहप्त्याने, तारखेतारखेने येते. दुसऱ्याच महिन्यात "या वेळी जरा सांभाळून घे" म्हणायची वेळ आली, तर तो माणूस मनाने तिथेच निघून जातो.

पूर्ण रक्कम झेपत नसेल तर मार्ग आहेत. दोन वकिलांनी मिळून एक कारकून ठेवणं, अर्धवेळ माणूस घेणं, किंवा रक्कम थोडी कमी पण दर महिन्याच्या ठरल्या तारखेला आणि त्याशिवाय ज्युनिअरने स्वतः आणलेल्या कामात वाटा. "बघू, देऊ" म्हणत राहिलं तर चांगला माणूस थांबत नाही.

निवड कशी करायची?

नुसती गप्पा मारून केलेली मुलाखत फसवते. आत्मविश्वासाने बोलणारा मुलगा छाप पाडतो आणि मन लावून काम करणारी अबोल मुलगी मागे पडते. त्यापेक्षा काम देऊन बघावं.

पहिली गोष्ट, कागदपत्रं. महाराष्ट्र आणि गोव्यातल्या वकिलांना सनद देते ती बार कौन्सिल ऑफ महाराष्ट्र अँड गोवा. सनदेचा क्रमांक बघावा. नोंदणीनंतर दोन वर्षांत अखिल भारतीय बार परीक्षा पास व्हावी लागते, ती झाली आहे का तेही विचारावं. उमेदवार दुसरीकडे पूर्णवेळ पगारी नोकरीत नाही ना, याची खात्री करावी. बार कौन्सिलच्या नियम ४९ प्रमाणे साधारणपणे अशी नोकरी करत असताना वकिली करता येत नाही. याच कारणाने अनेक ऑफिसं ज्युनिअरला पगार न म्हणता महिन्याची ठरावीक प्रोफेशनल फी किंवा रिटेनर देतात.

दुसरी गोष्ट, तासाभराची परीक्षा. एक चेक, बँकेचा मेमो आणि पक्षकाराने सांगितलेली हकीकत समोर ठेवायची. मेमो ३ मार्चला मिळाला, तर नोटीस कधीपर्यंत जायला हवी? उत्तर २ एप्रिल. पण उत्तरापेक्षा उमेदवार काय करतो ते बघायचं. तो कॅलेंडर उघडून दिवस मोजतो का? कायद्याचं कलम उघडून वाचतो का? की "महिना असतो सर" म्हणून मोकळा होतो? आणि मेमोवरची तारीख आणि पक्षकाराला प्रत्यक्ष मेमो मिळाल्याची तारीख वेगळी असू शकते, हे त्याच्या लक्षात येतं का?

तिसरी गोष्ट, भाषा. १९९८ च्या अधिसूचनेनुसार महाराष्ट्रात हायकोर्टाखालच्या कोर्टांची भाषा मराठी आहे. हायकोर्टात मात्र इंग्रजी. इंग्रजी माध्यमातून आलेल्या अनेक तरुण वकिलांना जुनं खरेदीखत वाचताना घाम फुटतो. 'चतुःसीमा', 'गहाणखत', 'कुळ', 'हिस्सेवाटप' हे शब्द ज्याला अडतात, त्याला जमिनीचा दावा लिहिता येणार नाही. म्हणून एक परिच्छेद मराठीत आणि एक इंग्रजीत लिहून घ्यावा.

चौथी गोष्ट, माणसांशी वागणं. उमेदवार बाहेर थांबलेला असताना तो कारकुनाशी आणि चहावाल्या मुलाशी कसा बोलतो, हे कळलं तरी बरंच कळतं. तो उद्या पक्षकाराच्या म्हाताऱ्या आईशीही तसाच बोलणार असतो.

पाचवी गोष्ट, आधीच्या सीनिअरला एक फोन. प्रश्न एकच पुरे : "तुमच्याकडे परत आला तर घ्याल का?"

नात्यातल्या माणसाला घेऊच नये असं नाही. पण त्यालाही हीच परीक्षा द्यायला लावावी. कारण चुकला तर रागावता येत नाही आणि काढायची वेळ आली तर लग्नकार्यात तोंड लपवावं लागतं.

कायद्याच्या कोणत्या गोष्टी विसरायच्या नाहीत?

एक, कमिशन. वकिलाने वकील नसलेल्या माणसाशी भागीदारी करणं किंवा फी वाटून घेणं बार कौन्सिलच्या नियमांत बसत नाही. केस आणून देणाऱ्या एजंटला फीचा टक्का देणं ही वाढ नव्हे, सनद धोक्यात घालणं आहे. कारकुनाला ठरावीक पगार द्यावा, केसमागे वाटा नाही.

दोन, गुप्तता. १ जुलै २०२४ पासून लागू झालेल्या भारतीय साक्ष्य अधिनियमाच्या कलम १३२ प्रमाणे पक्षकाराने वकिलाला सांगितलेली गोष्ट उघड करता येत नाही. हे बंधन वकिलाच्या कारकुनालाही आणि कर्मचाऱ्यांनाही लागू आहे. जुन्या पुरावा कायद्यातही ते होतंच. घटस्फोटाच्या केसमधला तपशील ऑफिसातल्या माणसाने चहाच्या टपरीवर सांगितला, तर तो नुसता आगाऊपणा राहत नाही. पहिल्याच दिवशी हे समजावून लेखी घ्यावं. पक्षकाराची कागदपत्रं स्वतःच्या व्हॉट्सॲपवर ठेवायची नाहीत, हेही त्यातच.

तीन, संख्या. ऑफिसात १० किंवा जास्त माणसं झाली की कामाच्या ठिकाणी महिलांचा लैंगिक छळ प्रतिबंधक कायदा २०१३ नुसार अंतर्गत समिती नेमावी लागते.

नेमला, आता पुढे काय?

चांगला माणूसही नीट न शिकवल्यास वाया जातो. पहिल्या दिवशी डझनभर फाईली हातात देऊन "वाच" म्हणणं हे शिकवणं नाही.

पहिल्या महिन्यात नव्या माणसाने बरोबर फिरावं, प्रत्येक प्रकरणाचा रोजनामा आणि १६ अंकी-अक्षरी सीएनआर क्रमांक वापरून तारखा तपासायला शिकावं. दुसऱ्या महिन्यात साधे अर्ज आणि नोटिशी त्याने लिहाव्यात, सीनिअरने लाल पेनाने दुरुस्त कराव्यात आणि का दुरुस्त केलं ते सांगावं. तिसऱ्या महिन्यात दोन-तीन लहान प्रकरणं पूर्णपणे त्याच्याकडे द्यावीत.

एक नियम मात्र पहिल्या दिवसापासून हवा. मुदतीची प्रत्येक तारीख दोन जागी लिहायची आणि दोन माणसांनी तपासायची. एक ऑफिसच्या डायरीत, दुसरी मोबाईलच्या कॅलेंडरमध्ये. माणूस हुशार असला तरी तो आजारी पडतो, गावाला जातो, विसरतो.

आणि चूक झाली तर लगेच सांगण्याची मोकळीक हवी. जिथे ओरडा बसतो तिथे चुका लपवल्या जातात. मुदत संपायच्या दोन दिवस आधी कळलेली चूक सावरता येते. दोन महिन्यांनी कळली तर विलंब माफीचा अर्ज करावा लागतो, आणि प्रत्येक मुदतीला तशी माफी मिळतेच असं नाही.

शिकवून तयार केला आणि तो निघून गेला तर?

प्रत्येक सीनिअरची ही भीती. पक्षकार घेऊन गेला तर काय?

करारात "सोडल्यावर या कोर्टात वकिली करायची नाही" असं लिहून घेण्याचा मोह होतो. पण भारतीय करार कायद्याच्या कलम २७ प्रमाणे कायदेशीर व्यवसाय करण्यापासून कुणाला रोखणारी अट रद्दबातल ठरते. फाईल अडवून धरण्याचाही उपयोग नाही. फी थकली म्हणून वकिलाला पक्षकाराचे कागद अडवता येत नाहीत, हे सुप्रीम कोर्टाने २००० साली आर. डी. सक्सेना प्रकरणात स्पष्ट केलंय. पक्षकार कुणाच्या मालकीचा नसतो. त्याला हवा त्या वकिलाकडे तो जाऊ शकतो.

म्हणजे माणूस बांधून ठेवता येत नाही, त्याला थांबावंसं वाटेल असं ऑफिस ठेवावं लागतं. वकीलपत्रावर त्याचंही नाव, कोर्टात उभं राहण्याची संधी, दरवर्षी वाढणारी रक्कम आणि पुढचा रस्ता स्पष्ट : अमुक वर्षांनी कामात वाटा, त्यानंतर भागीदारीचा विचार.

भागीदारीत मात्र घाई नको. भारतीय भागीदारी कायदा १९३२ नुसार फर्मच्या कामासाठी प्रत्येक भागीदार एकत्रितपणे आणि वैयक्तिकरीत्याही जबाबदार असतो. एकाने केलेला घोळ दुसऱ्याला निस्तरावा लागतो. २००८ च्या कायद्याने एलएलपीचा पर्याय दिला, त्यात सहभागीदाराच्या चुकीचा वैयक्तिक बोजा कमी होतो. कोणताही मार्ग घेतला तरी कामाची वाटणी, फीची वाटणी आणि वेगळं होताना फाईलींचं काय, हे आधीच कागदावर हवं.

आणि माणूस चुकीचा निघाला तर?

तीन महिने हा दोघांसाठीही पारखण्याचा काळ आहे, हे सुरुवातीलाच सांगावं. काम कच्चं असेल तर शिकवता येतं. पण तारीख चुकल्यावर खोटं बोलणं, पक्षकाराकडून परस्पर पैसे घेणं किंवा ऑफिसातलं बाहेर सांगणं, यातलं काही झालं तर पुढच्या महिन्याची वाट बघू नये. देणं चुकतं करून, फाईली मोजून ताब्यात घेऊन, ई-फायलिंगचा पासवर्ड बदलून निरोप द्यावा.

मुंबईतल्या मोठ्या लॉ फर्म्समध्ये आज शेकडो वकील काम करतात. पण महाराष्ट्रातला बहुतेक माणूस आयुष्यात कोर्टाची पायरी चढतो ती तालुक्याच्या एखाद्या लहान ऑफिसातून. जमिनीचा हिस्सा, मुलीची पोटगी, अडकलेले पैसे घेऊन तो तिथे येतो. वकीलसाहेब त्या वेळी दुसऱ्या कोर्टात असतात. समोर बसलेला कारकून किंवा ज्युनिअर त्याचा कागद हातात घेतो, तारीख विचारतो आणि डायरीत लिहितो. ती नोंद बरोबर झाली, तर त्याचं पुढचं सगळं शक्य असतं.